दोष वायरिंगचा नाही

रविवार, २२ सप्टेंबर २०१३

आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी, सान्ता एदुविहेस चर्चच्या सभागृहात, पंचवीस-तीस माणसांसमोर माझा अपमान झाला. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची आहे. ते दोन मिनिटं पुढे असतं हेही इथेच नमूद करते, नाहीतर उद्या कोणीतरी त्यावरून फाटे फोडेल. अन्याय झाला की आधी तारीख आणि वेळ लिहा, रडायचं असेल तर मग रडा, असं शाळेत सिस्टर पर्पेतुआ सांगायच्या. तारीख लिहून झाली. रडायला मला वेळ नाही.

दहाची स्पॅनिश मिस्सा संपली, सगळे कॉफी आणि गोड पावांभोवती जमले, आणि संगीत समितीचे अध्यक्ष एव्हेरार्दो किन्तेरो यांनी खिशातून कागद काढून वाचला. मग तोच कागद फलकावर लावला. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला:

"गायकवृंदाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर सदोष वायरिंगमुळे कर्कश वाजत असून वापरण्यास धोकादायक आहे. तो आजपासून बंद करण्यात येत आहे. शनिवार, १९ ऑक्टोबर रोजी सकाळी विजेच्या भंगाराची गाडी येईल, त्या वेळी तो तिच्या स्वाधीन केला जाईल. नवीन अ‍ॅम्पची व्यवस्था केली आहे."

सदोष वायरिंग. ते वायरिंग माझं आहे.

एकोणीसशे एकोणसाठ साली, अठराव्या वर्षी, मी फुलर्टनच्या गिटार-अ‍ॅम्पच्या कारखान्यात लागले. आम्ही सगळ्या बायकाच. पत्र्याच्या चौकटीत एकेक तार बसवायची, कथिलाचा डाग द्यायचा, आणि काम झालं की कागदी चिकटपट्टीवर आपलं नाव लिहून ती आत लावायची. पट्टी कौतुकासाठी नसायची. तपासनीसाला खोट सापडली तर अ‍ॅम्प कोणाकडे परत पाठवायचा ते त्याला कळावं म्हणून असायची. सव्वीस वर्षांत माझ्याकडे चार परत आले. त्यातले दोन माझ्याच नावाच्या दुसऱ्या ओतिलियाचे होते.

आमच्या चर्चचा अ‍ॅम्प १९६३ सालचा, तपकिरी कातड्याचा, लहानसा. आत पट्टी आहे. पट्टीवर माझं नाव आहे.

मी तिथेच विचारलं की वायरिंग उघडून पाहिलं कोणी. किन्तेरो काहीतरी पुटपुटले. हल्ली त्यांना ओठ न उघडता बोलायची सवय लागली आहे. गिटार वाजवणारा नाबोर एस्कोबेदो माझ्या नवऱ्याचा चाळीस वर्षांचा जोडीदार, माझं मीठ खाल्लेला माणूस. तो स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. बुटांत पाहण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, २३ सप्टेंबर

काल रागात बूस्टबद्दल लिहायचं राहिलं. किन्तेरोंनी जाता जाता माझ्या निळ्या पेटीवरही ठपका ठेवला, म्हणून तिची हकीकत.

जूनमध्ये गायकवृंदात ढोल-ताशे आले. तरुण मंडळींची हौस. त्यात नाबोरची गिटार बुडाली. अर्पणाच्या वेळी तो एकटा बारा ओळी वाजवतो, त्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेनात. म्हणून मी त्याला क्लीन बूस्ट करून दिला. मुठीएवढी पत्र्याची पेटी, वर एक नॉब, एक बटण. पायाने दाबली की गिटारचा आवाज आहे तसाच, फक्त वाढून अ‍ॅम्पकडे जातो. पेटी स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. गिटारवाल्यांच्या पायाशी पडलेल्या पन्नास पेट्यांमध्ये ही एकटी सभ्य. बाकीच्या प्रत्येकीला स्वतःचं मत असतं.

तरी नाबोर तक्रार करत राहिला की बटण दाबल्यावर आवाज मोठा होत नाही, नुसता खरखरीत होतो. मी तर आधीपासूनच दर रविवारी अ‍ॅम्पचा ट्रेबलचा नॉब, म्हणजे वरचे सूर उजळ करणारा, चढवून ठेवत होते. त्या नॉबची गंमत वेगळीच. मी नऊवर ठेवावा, आणि मिस्सा सुरू होईपर्यंत तो आपोआप चार-पाचवर उतरलेला असावा. तीन वर्षं हे चाललं आहे. दोनदा त्याचा स्क्रू आवळला. गेले तीन महिने मी मिस्सा संपेपर्यंत अ‍ॅम्पशेजारीच खुर्ची टाकून बसत होते, तेव्हा कुठे तो जागेवर राहिला. आणि नेमका आत्ताच त्यांना तो कर्कश वाटू लागला. बायका पहिल्या बाकावरून उठून मागे जायच्या. त्यांना गुडघ्यांसाठी मागची बाकं बरी पडत असतील.

संध्याकाळी ग्रिसेल्दाचा फोन. माझी लेक रिव्हरसाइडला असते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्या निमित्ताने आपण एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" अपमान माझा झाला आणि डॉक्टरकडेही मीच जायचं. मी फोन ठेवला.

नवी किटलीही सदोष निघाली. शिट्टी वाजतच नाही. पाणी आटून बूड काळं झालं तेव्हा कळलं. कंपनीला पत्र लिहिणार.

बुधवार, २५ सप्टेंबर

किन्तेरोंच्या चष्म्याच्या दुकानात गेले. गल्ल्यावर दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे पळायला त्यांना वाव नव्हता.

मी साधं मागणं मागितलं. अ‍ॅम्प तुम्हाला नको आहे ना, मला द्या. रुतिलिओने, माझ्या नवऱ्याने, आजारी पडल्यावर तो चर्चला दिला होता. दिलेलं परत मागत नाही, पण भंगारात घालणार असाल तर मागते. किन्तेरो चष्म्याची काच पुसत बसले. म्हणाले, देता येत नाही. एकदा समितीने धोकादायक ठरवलेली वस्तू कोणा भाविकाच्या घरी दिली आणि उद्या आग लागली तर जबाबदार कोण? विम्याचे नियम आहेत.

"धोकादायक कोणी ठरवली? कशावरून ठरवली?"

"ओतिलियाबाई, कशाला मनाला लावून घेता? पन्नास वर्षांचं यंत्र आहे. वय झालं की कुठे ना कुठे काही ना काही होतंच. त्यात कोणाचा दोष नसतो. आपण आपलं वेळेवर तपासून घ्यावं."

मी सांगितलं की माझे डोळे उत्तम आहेत, मी अजून दोरा पहिल्या फटक्यात ओवते. ते म्हणाले, डोळ्यांबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही. मग कशाबद्दल म्हणायचं आहे ते मात्र सांगेनात. असे हे अध्यक्ष.

घरी आल्यावर ठरवलं. वायरिंग निर्दोष आहे हे मला माहीत आहे, पण माझ्या माहितीला फलकावर जागा नाही. पुरावा लागेल. आधी बूस्टपासून सुरुवात.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज दुपारभर नाबोरच्या गॅरेजमध्ये होते. तिथे गाडी नाही, अ‍ॅम्प आहेत. मी माझं जुनं काट्याचं मीटर नेलं होतं. माणसं भिडेखातर बोलतात, काट्याला भीड नसते.

नाबोरने कानांत कापूस घातला होता. विचारलं तर म्हणाला, थंडी. सप्टेंबरात, नव्वद अंश फॅरेनहाइटच्या उकाड्यात. म्हातारपणी पुरुष फार नाजूक होतात.

आधी मोठा काळा, आमच्याच कारखान्याचा. याच्या पोटात जागा भरपूर. बूस्ट दाबला की काटा सरळ वर आणि आवाज तसाच स्वच्छ. या अ‍ॅम्पसमोर पेटी जे वचन देते ते पाळते.

मग इंग्रजी धाटणीचा, दोन नॉबांचा. त्यात पुढचा नॉब आवाज भरड करतो आणि मागचा तो किती बाहेर सोडायचा ते ठरवतो. बूस्ट गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावला तर काटा जेमतेम हलला, आवाज नुसता दाट झाला, खिरीत आणखी तांदूळ घातल्यासारखा. मग मी तीच पेटी अ‍ॅम्पच्या पाठीमागच्या दोन भोकांत लावली, म्हणजे पुढचा भाग आपलं काम उरकून झाल्यावर आणि शेवटची ताकद लागायच्या आधी. काटा उडाला. पेटी तीच, अ‍ॅम्प तोच, फक्त जागा वेगळी. नाबोर पन्नास वर्षं वाजवतो आहे, आणि ती भोकं कशासाठी आहेत ते त्याने कधी विचारलं नाही. म्हणाला, त्याला वाटलं हवा जायला असतील.

शेवटी त्याचा लहान तपकिरी, चर्चमधल्या अ‍ॅम्पचा सख्खा भाऊ, ट्रेबल माझ्या सवयीने नऊवर. आवाजाचा नॉब तीनवर असताना बूस्ट दाबला की काटा छान वर. सहावर नेला आणि दाबला, तर काटा जागचा हलेना. फक्त खरखर. लहान अ‍ॅम्प सहावर आधीच भरलेला असतो. भरल्या पेल्यात आणखी ओतलं की पेला मोठा होत नाही, टेबल ओलं होतं.

"तू चर्चमध्ये कितीवर ठेवतोस?" मी विचारलं.

"सहा. कधी सात."

"आणि वर बूस्ट."

"वर बूस्ट," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना, मोठा होईल."

म्हणजे चूक कोणाची? वायरिंगची नाही, पेटीची नाही. आधीच ओरडणाऱ्याला आणखी ओरड म्हणणाऱ्या गिटारवाल्याची. तीनवर ठेवायचा, एकट्याच्या बारा ओळी आल्या की बूस्ट दाबायचा. सगळं वहीत मांडलं, नाबोरची सही घेतली.

निघताना त्याने विचारलं, "ओती, मघाशी ट्रेबल नऊवर होता तेव्हा तुला कसं वाटलं?"

"गोड. मऊ."

त्याने कापूस काढून खिशात ठेवला आणि मला घरापर्यंत सोडलं. वाटभर खाली बघत चालला. सही करावी लागली म्हणून घुश्शात असेल.

रविवार, २९ सप्टेंबर

नवा अ‍ॅम्प आज पहिल्यांदा वाजला. व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, नाहीत, सगळे ट्रान्झिस्टर. किन्तेरोंनी त्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला, जसा काही त्यांनीच जन्माला घातला.

नाबोरने सवयीने बूस्ट दाबला. ट्रान्झिस्टरचं असं की एका हद्दीपर्यंत तो निमूटपणे मोठा होतो आणि हद्द ओलांडली की जाडा कागद टराटरा फाडल्यासारखा वाजतो. व्हॉल्व्ह बिघडतानाही आब राखून बिघडतात, इथे तेवढी रीत नाही. तो फाटला तेव्हा मला मनातून बरं वाटलं. वेदीसमोर असं वाटणं पाप असेल तर पुढच्या शनिवारी कबुली देईन.

पण पहिल्या बाकावरच्या बायका आज उठून मागे गेल्या नाहीत. शेवटपर्यंत बसल्या. लोकांना वाईट आवाजच आवडतो.

मिस्सेनंतर माझी वही किन्तेरोंपुढे ठेवली. त्यांनी वाचली, छान लिहिलं आहे म्हणाले, आणि परत दिली. फलकावरचा कागद तसाच. त्याच्या खाली कोणीतरी चर्चच्या सणाच्या नाचाची जाहिरात लावली आहे, शनिवार, १९ ऑक्टोबर, संध्याकाळी सात. म्हणजे सकाळी माझा अ‍ॅम्प भंगारात आणि संध्याकाळी नाच.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

किटलीच्या कंपनीला पत्र टाकलं. या वर्षी अंगणातल्या लिंबावर चिमण्या आल्या नाहीत, पलीकडच्या घरातल्या मांजरीमुळे. त्यांनाही चिठ्ठी टाकली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

फादर तादेओंनी कोठीच्या खोलीची किल्ली दिली. ते समितीत नसतात आणि समितीला भीतही नाहीत. नाबोर विजेरी धरायला आला.

अ‍ॅम्प मेणबत्त्यांच्या खोक्यांमागे जमिनीवर ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून, शिक्षा केल्यासारखा. मी त्याची पाठ उघडली. आधी आत साठलेली वीज उतरवली. बंद केल्यावरही ती बराच काळ आत दबा धरून असते आणि नवख्याला फेकून देते. मग चौकट बाहेर काढली.

पन्नास वर्षं. एकही तार जागची हललेली नाही. प्रत्येक डाग चकचकीत, एकही थेंब ओघळलेला नाही. शाळेत सिस्टर पर्पेतुआ भरतकामाचा रुमाल आधी उलटा करून बघायच्या. सुलट बाजू कोणीही नीटनेटकी करतं, म्हणायच्या, मला मागची दाखव. कारखान्यात मी तेच केलं. ज्या बाजूला कोणी बघणार नाही ती बाजू. जुने झालेले कपॅसिटर मीच अठ्ठ्याण्णव साली बदलले होते, तीन पायांची सुरक्षित वायरही मीच बसवली होती. सगळीकडे मीटर लावलं. सगळे आकडे जिथे असायला हवेत तिथे.

आणि पट्टी. पिवळी पडली आहे. Otilia. आज लिहिते त्याहून अक्षर गोल.

रुतिलिओने तो जुन्या सामानाच्या दुकानातून घेतला होता. फ्यूज बदलायला उघडला तेव्हा नाव दिसलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात येऊन उभा, ओतिलिया कोण म्हणून विचारत. आम्ही दोघी पुढे झालो. दुसरी दिसायला बरी होती. त्याने दोघींना तक्रार सांगितली की अ‍ॅम्प गुणगुणतो. ती म्हणाली, दुरुस्तीला टाका. मी म्हणाले, माझा अ‍ॅम्प गुणगुणत नाही, तुम्हाला तारा जोडता येत नसतील. तेवीस वर्षं संसार केला. अ‍ॅम्प गुणगुणत नव्हताच.

हे सगळं नाबोरला माहीत आहे, तरी त्याने पुन्हा ऐकून घेतलं. मग अ‍ॅम्प जोडला, लावला, व्हॉल्व्ह तापू दिले. नाबोर त्याच्या बारा ओळी वाजवू लागला. आवाज तीनवर. बूस्ट दाबला. काटा वर, स्वच्छ, भरदार. मीटर साक्षीला होतं. मी म्हटलं, झालं, आता थोडा उजाळा देऊ, आणि ट्रेबल नऊवर नेला.

नाबोरने वाजवायचं थांबवून हात पुढे केला आणि नॉब चारवर आणला. अगदी न बघता, अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसा.

मी त्याचं मनगट धरलं.

"तूच होतास तो."

"हो."

"तीन वर्षं?"

"दर रविवारी. तू मेणबत्ती लावायला जायचीस तेव्हा. यंदा तू अ‍ॅम्पपाशीच बसायला लागलीस, मग मला जमेना."

मी विचारलं की माझ्या कामात ढवळाढवळ करायला कोणी सांगितलं होतं. त्याने गिटार खाली ठेवली आणि मी त्याच्या तोंडाकडे नीट बघेपर्यंत थांबला. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. आता आठवतं, गेली दोन-तीन वर्षं तो माझ्याशी असाच बोलतो. मला वाटायचं, त्याची नवी कवळी.

"ओती, नऊवर तो किंचाळतो. मेंदूत सुई घुसावी तसा. तुला तो सूर ऐकू येत नाही. वरचे कुठलेच सूर तुला येत नाहीत. सगळ्यांना ठाऊक आहे. एव्हेरार्दोला तुझ्या तोंडावर सांगवेना. समितीत म्हणाला, म्हातारीचं मन कशाला मोडायचं, दोष यंत्राला देऊ, यंत्राला काय वाटणार आहे."

यंत्राला काय वाटणार आहे.

"आणि तू तिथे बसून होतास."

"मी म्हणालो होतो, आत तिचं नाव आहे. त्याला वाटलं मी नुसतं भावनेच्या भरात बोलतोय. कागद टाइप झालेला होता."

मी चौकट परत बसवली, आठही स्क्रू आवळले, किल्ली फादरना दिली. नाबोर घरापर्यंत आला. त्याच्याशी बोलले नाही. बोलले असते तरी काय, त्याने मान हलवली असती आणि मी ऐकल्यासारखं केलं असतं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

 किटली ठेवली. पाणी उकळलं तेव्हा शिट्टीच्या तोंडाशी बोट धरलं. ती वाजत होती.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ग्रिसेल्दा सुट्टी घेऊन आली आणि मला कानाच्या तपासणीला घेऊन गेली. लिंबाखालून जाताना मी म्हटलं, चिमण्या नाहीत. ती थांबली, वर बघितलं, आणि माझा हात धरून फांदीकडे नेला. सात होत्या. सगळ्यांच्या चोची हलत होत्या.

काचेच्या खोलीत बसवलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी बरीच मिनिटं बटण दाबलं नाही. बाहेर ग्रिसेल्दा काचेतून बघत होती, आणि मला कळलं की त्या वेळी सूर चालू असणार, कारण तिचा चेहरा तसा होता.

मग त्या बाईने आलेख दाखवला. ती समजावून सांगू लागली, मी तिला थांबवलं. असे आलेख मी तिच्या जन्माआधीपासून वाचते. डावीकडून बरा निघतो, मध्यापासून घसरतो, उजवीकडे तळाला जातो. ट्रेबल शून्यावर पिळून ठेवलेला अ‍ॅम्प. असा अ‍ॅम्प माझ्या टेबलावर आला असता तर पट्टीवरचं नाव बघून परत पाठवला असता. माझ्या पट्टीवर कोणाचं नाव आहे देव जाणे. त्याच्याशी माझं वेगळं बोलणं होईल.

तिने कानात घालायचं यंत्र दाखवलं. मी विचारलं, हे सगळंच सरसकट वाढवतं का? तसं असेल तर नको. खालचे सूर मला पुरेसे येतात, तिथे आणखी ओतलंत तर नुसती खरखर होईल, बूस्ट कुठे लावायचा ते आधी ठरवा. ती बाई हसली. म्हणाली, हे फक्त जे हरवलं आहे तेवढंच उचलतं. ग्रिसेल्दा डोळे पुसत होती. तिला काय झालं कोण जाणे, कान माझे गेले आहेत. यंत्र दोन आठवड्यांनी मिळेल.

परतताना नाबोर दाराशी उभा. मक्याच्या पानात उकडलेले तामालेस घेऊन. तीन वर्षं दर रविवारी तासभर आधी येऊन, मी पाठ फिरवण्याची वाट बघत, एक नॉब खाली करायचा आणि कोणाला काही सांगायचं नाही. हे माणूस का करतं, ते मी त्याला विचारलं नाही. रिकामटेकडा आहे, दुसरं काय. तामालेस बरे होते.

किटलीच्या कंपनीची माफी मागितली, लेखी. मांजरीच्या मालकिणीचीही. म्हणजे माफी कशी मागायची हे मला येतं, असं कोणी म्हणू नये की येत नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज पत्र दिलं. तीन प्रती: एक किन्तेरोंच्या दुकानात हातोहात, पोच घेऊन; एक फादरांना; एक फलकावर, त्यांच्या कागदाच्या बरोबर वर. चौथी इथे उतरवून ठेवते.

"अध्यक्ष, संगीत समिती, सान्ता एदुविहेस चर्च, यांस

रविवार, २२ सप्टेंबर २०१३ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी आपण जाहीर केलेल्या निवेदनात गायकवृंदाच्या अ‍ॅम्प्लिफायरचे वायरिंग सदोष असल्याचे म्हटले आहे. हे असत्य आहे आणि आपणांस ते असत्य असल्याचे माहीत होते.

मी तो अ‍ॅम्प उघडून तपासला आहे. मोजमापे सोबत जोडली आहेत. वायरिंगमध्ये, तसेच माझ्या निळ्या पेटीतही, कोणताही दोष नाही. आवाज खरखरीत येत होता, कारण लहान अ‍ॅम्प आधीच सहावर असताना त्यापुढे बूस्ट दाबला जात होता. तो तीनवर ठेवावा, म्हणजे एकट्या गिटारचे सूर शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचतील. श्री. एस्कोबेदो यांना हे आता समजले आहे. आवाज कर्कश येत होता, कारण वरचे सूर प्रमाणाबाहेर चढवलेले होते. ते मी चढवत होते. ते मला ऐकू येत नाहीत. त्याचा आलेखही सोबत जोडला आहे.

आपण मला दुखावू नये म्हणून दोष यंत्रावर घातलात, असे मला कळले. आपला हेतू चांगला होता. त्याने फरक पडत नाही. माझे कान मला देवाकडून मिळाले, त्यांत माझे कर्तृत्व नाही, आणि ते गेले यात माझी नाचक्की नाही. ते वायरिंग मी केलेले आहे. बाहत्तर वर्षांत ज्यावर मी माझे नाव लिहिले अशा वस्तू थोड्या आहेत, आणि त्यांपैकी नेमकी एक आपण खोटी ठरवलीत. म्हातारीचे मन मोडायचे नव्हते, तर कान मोडले आहेत असे सरळ सांगायचे होते.

तरी आपले निवेदन काढून त्या जागी पुढील निवेदन तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावे: 'दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरिंगचा नव्हता. दोष श्रीमती ओतिलिया वाल्देस्पिनो यांच्या कानांचा होता.' मला याची लाज वाटत नाही. आपणही वाटून घेऊ नये.

अ‍ॅम्पबद्दल. आमच्या कारखान्यात नियम होता. वायरिंगमध्ये खोट सापडली तर अ‍ॅम्प भंगारात जात नसे. आत ज्या बाईचे नाव असे तिच्याकडे परत जाई. वायरिंग सदोष आहे यावर आपण अजूनही ठाम असाल, तर तो माझ्याकडे पाठवावा. नसाल, तर तो भंगारात देण्याचे कारणच उरत नाही. मग तो श्री. एस्कोबेदो यांच्या पायाशी पुन्हा ठेवावा. ट्रेबलचा नॉब यापुढे तेच ठेवतील. चारवर. तो त्यांना न बघता सापडतो.

भंगाराची गाडी शनिवारी सकाळी आठ वाजता येणार आहे. आपले उत्तर शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०१३ रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हाती पडावे. शनिवारी मी सात वाजल्यापासून कोठीच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे, आणि मला हलवायला आपल्याला दोन माणसे लागतील.

फोन करू नये. मिस्सेनंतर बाजूला घेऊन हळू आवाजात समजावू नये. उत्तर लेखी द्यावे, कारण आपण तोंडी जे काही सांगाल ते मला ऐकू येणार नाही.

ओतिलिया वाल्देस्पिनो"